मुशीच्या खालचा तळ

समुद्रापासून शेकडो मैल दूर, आमच्या सोडाल्याच्या ऑफिसात सगळे देवयानी तांडेलला जैन समजतात. ती वेंगुर्ल्याची, पिढीजात मासेमारांच्या घरातली, पण मासा तोंडाला लावत नाही. वडिलांची होडी वादळात बुडाली आणि वडील सापडलेच नाहीत. तेव्हापासून तिच्या घरी मासळी शिजली नाही. कुठल्या माशाच्या पोटात काय गेलं असेल, कोण सांगणार?

आणि नशीब बघा, नोकरी मिळाली ती खोल समुद्राचे व्हिडिओ बघायची. त्या काळोखात वीतभर लांबीची काळी मुशी, म्हणजे लहानसा शार्क, फिरते. तिचं पोट मंद निळं चमकतं आणि वरून झिरपणाऱ्या उजेडात असं मिसळून जातं, की खालून बघणाऱ्याला ती दिसतच नाही. कॅमेऱ्याच्या दिव्यात मुशी आली की देवयानीने स्क्रीनवर तिच्याभोवती चौकट आखायची, म्हणजे कॉम्प्युटर तिला ओळखायला शिकतो.

पण हिच्या चौकटी खाली, तळाच्या गाळावर. तिचं काम तपासते मी. काल चिडलेच.

"मुशी वर आहे, तू बघतेस कुठे?"

"खाली काही पडलंय का, ते बघत होते, ताई."

"अगं वेडे, हा आपला समुद्र तरी आहे का? कुठल्या कुठे आहे तो!"

"पाणी एकच ना, ताई."

आज पुन्हा तिचं काम तपासायला बसले. मुशी कधी आली, कधी गेली, मला कळलंच नाही. मी तळच बघत होते.