तात्यांचा फवारणी पंप आणि लांबलचक वायर

मंडळी, आज आपली कॉलर टाइट आहे!

बावड्यातल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात सकाळी निरवांगीचे एक तात्या बॅटरीवरचा फवारणी पंप तिसऱ्यांदा घेऊन आले. बिघाड तोच. मोटरच्या सर्किटला बेताचा व्होल्टेज देणारी रेग्युलेटर चिप जळालेली.

"पोरी, डुप्लिकेट माल घालतीस व्हय?" तात्या भर गिऱ्हाइकांत म्हणाले.

डोकंच फिरलं माझं. दुकानातल्या बॅटरीवर हाच पंप दर वेळी झकास चालायचा! म्हटलं, "चला तात्या, तुमच्या डाळिंबातच बघू."

तिथं पाहते तर काय, पाठीला ओझं नको म्हणून तात्यांनी बॅटरी ठेवलेली बांधावर आणि पंपापर्यंत ओढलेली लांबलचक वायर! एवढ्या लांब वायरीमुळं ती जोडताना व्होल्टेजचा झटका बसायचा आणि चिप जायची. सापडला चोर!

नवी चिप टाकली. शेजारी तो झटका सोसायला मोठा कपॅसिटर बसवला. तात्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा वायर काढून जोडली. फवारा आपला जोरात चालूच.

"आता वस्तीवरचे समदे पंप घिऊन येतो," तात्या हसत म्हणाले. "माझं बघून समद्यांनीच वायरी लांबवल्यात."

तुमच्या गावात कुणी काय काय जोडून ठेवलंय? सांगा बिनधास्त. मी सोल्डर गन तापवून बसलेय.