पंचवीस वर्षांचे लिफ्टमामा

चूक पगारवाल्याची होती. तीन वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्यांची निवृत्ती खाती उघडली. तेव्हा दीडशे अर्ज संगणकात भरता भरता त्याने लिफ्टमामांच्या जन्मवर्षाच्या रकान्यात सवयीने स्वतःचंच जन्मवर्ष ठोकून दिलं, आणि त्रेपन्न वर्षांचा माणूस एका फटक्यात तेवीस वर्षांचा करून टाकला. तो पगारवाला म्हणजे मीच. पण गोष्ट माझी नाही, मामांची आहे; म्हणून इथून पुढे मलाही पगारवालाच म्हणू. तेवढीच अब्रू झाकली जाईल.

लिफ्टमामा तीन इमारतींमधल्या सात लिफ्ट सांभाळत. स्वतः राहायला चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अडुसष्ट पायऱ्या. पन्नासाव्या पायरीपासून डावा गुडघा बोलायला लागे, आणि मामी गेल्यापासून नऊ वर्षांत त्या घरात बोलणारं तेवढंच एक उरलं होतं. फोन होता, पण तो वाजला म्हणजे कुठेतरी कुणीतरी अडकलेलं. "अहो लवकर या, श्वास कोंडतोय!" माणूस सुटला की फोनही सुटला.

मागच्या गल्लीत एका चष्मेवाल्याची तळमजल्यावरची खोली होती. दोनच पायऱ्या, खिडकीत ऊन. चष्मेवाला म्हणाला होता, "मामा, निवृत्त व्हाल त्या दिवशी अनामत आणा, किल्ली घेऊन जा. तोवर दुसऱ्या कुणाला देत नाही." मामांच्या साऱ्या बचतीचं नाव त्या दिवसापासून 'खोली' असं पडलं.

आणि खातं सुरू झाल्यावर एक गंमत झाली. दर पहिल्या तारखेला मामांच्या फोनवर संदेश यायला लागला. 'शाब्बास! तुमच्या निवृत्तीला अजून सदतीस वर्षं आहेत. थेंबे थेंबे तळे साचे!' मामांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. यंत्राची काहीतरी गफलत असावी, हे त्यांना कळलं. पण तक्रार करायला जावं तर यंत्र गप्प बसायचं, म्हणून ते गेलेच नाहीत. गेल्या वाढदिवसाला तर 'पंचविसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आल्या. मामांनी त्या लिफ्टच्या रिकाम्या डब्यात मोठ्याने वाचून दाखवल्या. दुसऱ्या कुणी शुभेच्छा दिलेल्या नव्हत्या, त्यामुळे तुलनेचा प्रश्न नव्हता.

मग बाजार पडला. दोन महिन्यांत खात्यातल्या शंभराचे एक्क्याऐंशी झाले. मामा हातातला पाना तसाच घेऊन पगारवाल्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बघ रे, माझी खोली कुणी खाल्ली?"

पगारवाल्याने खातं उघडलं आणि त्याचं बोट जन्मवर्षाच्या रकान्यावर थांबलं. "मामा, तुम्ही कुठलीच योजना निवडली नव्हती. मग संगणक वयाप्रमाणे ठरवतो. तरुण माणसाचे पैसे शेअरमध्ये, वयस्कर माणसाचे रोख्यांत आणि ठेवीत. आणि इथे तुम्ही..."

"पंचवीस वर्षांचा आहे. माहितीये मला. का, दिसत नाही?"

"माझी चूक झाली, मामा."

"तुझे पैसे कुठे आहेत?"

"मीही निवडलं नाही. आहेत तिथेच. शेअरमध्ये."

"म्हणजे मला तुझ्याच डब्यात कोंबलंस आणि वर बटण दाबलंस." मामांनी पाना टेबलावर ठेवला. "दंड म्हणून एक मोठा चहा लागू."

पगारवाल्याने दुरुस्तीचा अर्ज काढून दिला. त्यात तीन रकाने होते, शेअर, रोखे आणि ठेव, आणि तिन्हींची बेरीज शंभर झाली पाहिजे. पंधरा दिवसांत भरला नाही, तर संगणक पुन्हा आपल्या मनाने ठरवणार.

"त्याला वय सांगणारा तूच ना? मग नको. मीच बघतो."

बघतो म्हणणं सोपं. विचारायचं कुणाला? मामांची ओळख तिन्ही इमारतींशी, पण ती लिफ्टपुरती. त्यामुळे सल्लाही मजल्यामजल्याने मिळाला.

"घसरल्यावर विकायचं नसतं हो, मामा," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"का नसतं?"

"कारण असं आहे की..." दार उघडलं. बाहेर एक गाल धरलेला माणूस उभा होता. कारण तिसऱ्या मजल्यावर राहिलं.

हिशेब तपासणाऱ्या बाई सहाव्यावर उतरत, म्हणून त्यांचं वाक्य सगळ्यात लांब झालं. "जो पैसा चार-पाच वर्षांत लागणारच आहे, तो शेअरमध्ये ठेवू नये. बाकीचा मात्र..."

"बाकीचा?"

"आला हो सहावा." बाई गेल्या. मनात आणलं असतं, तर मामा दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट थांबवून पुढचं वाक्य वसूल करू शकले असते. तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं; त्या दिवशी हात बटणापर्यंत मात्र गेला. लिफ्टबाहेर, भर रस्त्यात, त्या बाईंनी आपल्याला ओळखलं असतं की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

तेराव्या दिवशी मामा डब्याच्या टपावर उभं राहून दोराला वंगण लावत होते. डबा सावकाश वर निघाला होता, आणि शेजारून ते लोखंडी वजन खाली येत होतं, दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेलं. मामांनी ते हजारो वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी डबा थांबवून पाहिलं.

हे वजन किती ठेवायचं, ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. रिकाम्या डब्याएवढं, आणि वर माणसांच्या भाराच्या निम्मं. डब्याचा भार तर असतोच असतो. माणसं कधी येतात, कधी येत नाहीत, म्हणून त्यांचा निम्माच धरायचा.

मामांनी खिशातला खडू काढला. खोलीची अनामत आणि दोन वर्षांचं पोटापाणी, हा रिकामा डबा. तो शंभरातले साठ. उरले चाळीस, ती माणसं. त्यांचे निम्मे वीस. साठ आणि वीस, ऐंशी. भिंतीवर त्यांनी जपायचे ऐंशी लिहिले, त्याखाली बाजारात ठेवायचे वीस लिहिले, आणि बराच वेळ कुणालातरी दाखवायचं असल्यासारखे बाजूला सरकून उभे राहिले. मग खालून कुणीतरी बटण दाबून दाबून शिव्या घालायला लागलं.

"साठ ठेवीत, वीस रोख्यांत, वीस शेअरमध्ये," त्यांनी पगारवाल्याला सांगितलं.

"मामा, आत्ता विकलं तर तोटा पक्का होईल. थांबलात तर कदाचित भरूनही निघेल."

"आणि आणखी पडला तर?"

पगारवाल्याने अर्ज मामांपुढे सरकवला.

"डबा अडकला की आधी आतली माणसं काढायची. बिघाड कुणाचा, ते मागाहून." मामांनी सही केली. "आता माझं खरं वय लिही. बघून लिही."

पुढच्या पहिल्या तारखेला संदेश आला नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला मामा टेबलाशी आले.

"तुझं यंत्र बिघडलं का रे?"

"नाही मामा. ते संदेश तिशीच्या आतल्यांनाच जातात. बचतीची गोडी लागावी म्हणून."

"अस्सं." मामा खिशातला पेचकस उगाचच फिरवत राहिले. "लागली होती."

त्यांचा छप्पन्नावा वाढदिवस रविवारी आला. भर दुपारी फोन वाजला तेव्हा मामांनी एका हाताने चपला शोधायला सुरुवात केली होती.

"कुठली इमारत? किती माणसं आहेत आत?"

"कुणी अडकलेलं नाही, मामा. मी पगारवाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला केला."

पलीकडे चपलांची शोधाशोध थांबली.

"तुला कसं कळलं?"

"तारीख पाठ झालीय आता. तो दंडाचा चहाही राहिलाय. आज पाजतो, या खाली."

"आज नको. अडुसष्ट उतरायच्या आणि परत चढायच्या." मग म्हणाले, "ठेव आता. लाइन मोकळी असावी लागते."

तेव्हापासून दर पहिल्या तारखेला मामा स्वतः टेबलाशी येतात. पगारवाला खातं उघडून आकडा वाचतो.

"खोली आहे ना त्यात अजून?"

"आहे, मामा."

"आणि तुझे? अजून आपोआपच?"

पगारवाला मान खाली घालतो. मग म्हणतो, "चला, चहाचं तेवढं मिटवून टाकू." मामा घड्याळाकडे बघतात, पाना उचलतात आणि म्हणतात, "पुढच्या महिन्यात बघू."