ऑस्करला सोबत हवी होती

आमचा ऑस्कर मासा दुकानातून आणला तेव्हा काडेपेटीत मावला असता. वर्षभरात तो पोळपाटाएवढा झाला. बायको म्हणते, बशीएवढा. माप घ्यायला टाकीत ती उतरली नव्हती, मीही उतरलो नव्हतो. तेव्हा पोळपाट कायम.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही नाशिक रोडला दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मी सातपूरच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचो. तेव्हा ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये कपाळावर टेंगूळ आलेला फ्लॉवरहॉर्न मासा असायचा. वास्तूला चांगला म्हणे. आमच्या ऑस्करला टेंगूळ नव्हतं, डोकं होतं. काळ्या अंगावर निखारे फुंकल्यासारखे नारिंगी पट्टे, आणि भूक लागली की टाकीच्या झाकणाला अशी धडक द्यायचा की खालच्या मजल्यावरचे काका दार उघडून बघायचे, कोण आलंय म्हणून.

त्याचा एकच दोष. तो स्वस्थ नसायचा. चार फुटांच्या टाकीत या काचेपासून त्या काचेपर्यंत येरझाऱ्या. ते बघून मलाही बसवेना. तो आत फिरायचा, मी बाहेर. बायकोचं म्हणणं, फरशीला पॉलिश आमच्या घरात कधी करावंच लागलं नाही. शेवटी मी ठरवलं, ह्याला सोबत आणायची.

पहिल्यांदा सहा छोटे टायगर बार्ब मासे आणले. चपला काढून ठेवेपर्यंत चार उरले, हातपाय धुऊन आलो तर एकही नाही. मग पट्ट्यापट्ट्यांचा कन्व्हिक्ट आणला. तो शूर निघाला, दोन दिवस एका कोपऱ्यातून लढला. तिसऱ्या दिवशी कोपरा होता, तो नव्हता.

शालिमारजवळच्या बोळात माशांचं दुकान होतं. दुकानदार मूळ मालेगावचा. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने मला स्टुलावर बसवलं.

"भाऊ, त्याच्या तोंडात मावतं ते त्याचं जेवण. न मावणारं न्या, मग दोस्ती होईल."

मग त्याने सगळं समजावलं. सोबती आकाराने त्याच्या जवळपास हवा, पण भांडखोर नको. तळाशी राहणारा एखादा असावा, म्हणजे जागेवरून तंटा नको. नवे सोडण्याआधी टाकीतले दगड हलवायचे, म्हणजे जुन्याला आपली हद्द कुठली ते आठवत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पोट कायम भरलेलं ठेवायचं. त्याने तळहाताएवढे तीन सिल्व्हर डॉलर मासे आणि तळाशी राहणारा, चिलखत घातल्यासारखा एक सकर दिला.

घरी पिशव्या उघडायच्या आधीच बायकोने निकाल सांगून टाकला. ह्यांच्यातला एक जरी मेला, तर टाकी माशासकट आग्रा रोडवरच्या हॉटेलवाल्याला जाणार. तो मागतच होता, गल्ल्याशेजारी ठेवायला, जिथून भटारखाना दिसतो. म्हणजे ऑस्करने जन्मभर तळलेली सुरमई बघत बसायचं.

आई पदराने टाकीची काच पुसत राहिली. दुपारी आम्ही दोघं कामावर असायचो तेव्हा ती टाकीसमोर बसून मटार सोलायची आणि सोलता सोलता भाऊबंदकीची सगळी प्रकरणं त्याला सांगायची. ती तिने आम्हालाही कधी पूर्ण सांगितली नव्हती. सकाळचं खाणं घालायचं कामही तिचंच.

पहिला आठवडा झकास गेला. मग एका सोमवारी घरी आलो तर एका डॉलरचा पर फाटलेला. चतुर्थीला दुसऱ्याची शेपटी अर्धी. एकादशीला तिसऱ्याच्या पाठीवर खवले गेलेले. मी वेडापिसा झालो. कारखान्यात यंत्रासमोर उभा राहून मनातल्या मनात मासे मोजायचो. जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून सातपूरहून नाशिक रोडला यायचो, चार मासे मोजायचो आणि परत जायचो. द्वारकेच्या चौकातला पोलीस मला हात करायला लागला होता. एकदा तर त्यानेच विचारलं, किती उरले.

श्रावणातल्या एका सोमवारी मी पोट दुखतंय म्हणून साहेबांना सांगितलं आणि दहालाच घरी आलो. ऑस्कर झाकणाला धडका देत होता. तिन्ही डॉलर एका कोपऱ्यात, उतरंडीसारखे. फळीवर खाण्याचा डबा नव्हता. शोधत गेलो तर तो गॅलरीत, फरशी पुसायच्या फडक्याखाली.

आई स्वयंपाकघरात साबुदाणा मोकळा करत होती.

"ह्याला खायला घातलंस का गं?"

"आज सोमवार."

"मग?"

"त्या डब्याला सुकटीचा वास येतो. उपासाच्या दिवशी घरात नको."

"म्हणजे सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला तू त्याला उपाशी ठेवतेस?"

"उपाशी नाही ठेवत," आई म्हणाली. "उपास करवते. ह्या घरात राहतो ना तो?"

श्रावणात आमच्याकडे जेवायचे दिवस शोधून काढावे लागत, हे मी वाढवून सांगत नाही. मी तिला समजावलं की उपास घडला की तो सोबत्यांचाच फराळ करायला बघतो, आणि एक जरी मेला तर टाकी हॉटेलात जाईल. तिचा हात साबुदाण्यातच थांबला.

"डबा आण. तुझ्या हाताने घाल," ती म्हणाली. "त्याच्या वाटचा उपास मी करते."

तिने केलाही. तिचा एक होताच, त्यावर ऑस्करचा. खिचडी बंद, दूध बंद, दिवसभर नुसतं पाणी. मासे गुण्यागोविंदाने नांदायला लागले आणि अस्वस्थपणाचा सगळा ठेका माझ्याकडे आला. तिकडे तो पोट भरून सकरशेजारी पहुडलेला, इकडे आई उठताना भिंत धरायची. मी दर सोमवारी तिची मनधरणी करायचो. ती ऐकायची नाही, आणि तिच्या वाटची खिचडी वाया जाऊ नये म्हणून मी खायचो.

तिसऱ्या सोमवारी बायकोने रजा टाकली. खिचडीची बशी आईच्या पुढ्यात ठेवून समोर मांडी घातली.

"आई, टाकी कुठेही जात नाही. मासा मेला तरी जात नाही. तुम्ही खा."

"आणि ह्याचा उपास?"

"त्याला मुंजही नाही आणि लग्नही नाही. त्याला कसला उपास?"

आईने टाकीकडे बघितलं, मग बशी जवळ ओढली. बायको गॅलरीत गेली. पदर नाकाला लावून दोन बोटांत डबा धरून आली आणि पहिल्यांदाच तिने त्याला खायला घातलं. सवय नसल्याने तिने अर्धा डबा ओतला. पुढचे दोन दिवस पाणी बदलण्यात गेले.

टाकी द्यायची नाही, हे हॉटेलवाल्याला तोंडावर सांगणं मला जमेना. मासा आजारी आहे, असं कळवलं. भला माणूस. तो दिवाळीपर्यंत दर आठवड्याला फोन करून त्याच्या तब्येतीची चौकशी करायचा.