कालव्यापलीकडचं बिऱ्हाड

सरुबाई बारामतीत आली ती छत्तीस साली, संक्रांतीनंतर पंधरवडा उलटल्यावर. कांद्याच्या गाडीत पोत्यांवर बसून आली. उतरली तेव्हा अंग गाडीच्या हिसक्यांनी आंबलं होतं आणि लुगड्याला कांद्याचा वास येत होता. मनात मात्र एकच गोष्ट घट्ट धरून ती उतरली होती. नवरा सकाळी कामाला जाईल आणि दिवस मावळल्यावर आपल्या घरात भाकरी खाईल, एवढ्या अंतरावर जागा बघायची. जागा मिळाल्याशिवाय वरकुट्याला परतायचं नाही.

वरकुटं तिकडं इंदापूरच्या अंगाला. जमीन मुरमाड आणि पाणी आभाळाच्या मर्जीचं. चार भावांत सोपान धाकटा. त्याच्या हातात एक गुण होता. गुळाची ढेप नुसती उचलून तिचं वजन तो असं सांगायचा की काट्याला खोटं पाडायला जागा उरत नसे. त्या गुणावर त्याला बारामतीच्या एका अडतीवर तोलाऱ्याचं काम मिळालं. अडतीच्या ओट्यावर झोपायचं, खाणावळीत जेवायचं आणि अवसेला बाजार बंद म्हणून घरी यायचं. तीन वर्षं असंच चाललं होतं.

त्या साली पौषाच्या अवसेला सोपान आला नाही. पुढं आठ दिवसांनी कुणा गाडीवानाकडून कळलं की तो ओट्यावर हिवतापानं फणफणत पडला होता. राखणदारानं पाणी पाजलं म्हणून वाचला. सरुबाईनं हे ऐकलं तेव्हा ती जात्यावर बसली होती. तिनं पायली संपेपर्यंत दळलं, पीठ भरून ठेवलं, मग उठून थोरल्या जावेला सांगितलं की मी बारामतीला बिऱ्हाड करणार. जाऊ म्हणाली, सासरचं घर असताना भाड्यानं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील. सरुबाई म्हणाली, लोक तापात पाणी द्यायला येत नाहीत. साखरू आणि तान्ही लीला या दोन्ही लेकींना जावेपाशी ठेवून ती निघाली.

बारामतीत तिनं पाच दिवस जागा बघितल्या. वेशीजवळ एक खोली होती. तिथं पाय पसरले तर शेजारणीच्या तव्याला लागावेत, आणि भाडं मागितलं चार रुपये. सोपानच्या पगाराचा तिसरा हिस्सा. बाजाराच्या मागं एका चाळीत दोन खण मोकळे होते, पण मालक म्हणाला, म्हैस चालणार नाही. म्हैस सोडून सरुबाई येणार नव्हती, कारण दुधाच्या जिवावरच तर भाडं निघायचं होतं. तिसऱ्या ठिकाणी म्हशीला जागा होती, पण घरवाल्यानं अट घातली की पहाटे जातं ओढायचं नाही, माडीवर कचेरीतले कारकून राहतात, त्यांची झोपमोड होते.

"मग मी दळू कवा?" सरुबाईनं विचारलं.

"दुपारी दळा."

"आणि हे पहाटं खाऊन काय जातील? कारकुनांची घोरणी?"

घरवाला हसला, पण अट काही सोडली नाही.

सहाव्या दिवशी तिनं शहराचा नाद सोडला आणि ती बाहेरच्या वस्त्या बघू लागली. तिची रीत अशी होती. संध्याकाळी एखाद्या वस्तीवर जायचं, ओळख काढून कुणाच्या तरी पडवीला टेकायचं आणि कोंबडा आरवला की तिथून अडतीकडं चालत सुटायचं. दिवस उगवायच्या आत अडतीचा काटा टांगला जाई. गुळाच्या गाड्या त्याच्याही आधी येऊन लागत. काटा टांगताना तोलारी हजर पाहिजे, हा मालकाचा पहिला कायदा, आणि तापाच्या दिवसांपासून मालक जरा कडकच झाला होता. काटा टांगायच्या आत सरुबाई पोचली तर जागा पसंत, नाही तर दुसरी वस्ती. सोपानला म्हणे, मी पोचले म्हणजे तुमी नक्की पोचाल, माझे पाय तुमच्यापेक्षा आखूड हायत.

अशी चौथी वस्ती होती बोरमळा, बारामतीपासून दीड कोसावर. कुशाबाई नावाची विधवा बाई तिथं एकटी राहायची. तिचं घर तीन खणांचं होतं. त्यातला एक खण, पुढची पडवी आणि म्हशीला छप्पर एवढं ती द्यायला तयार होती. महिना रुपया आणि रोजचं तांब्याभर ताक. जातं कवाबी ओढ, म्हणाली, मला पहाटं तसंबी झोप लागत न्हाय. दुसऱ्या दिवशी सरुबाई तिथून निघाली ती अडतीवर पोचली तेव्हा राखणदार अजून तोंड धूत होता. तिनं सोपानच्या हातावर कुशाबाईनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि म्हणाली, घर झालं.

माघातला चांगला दिवस बघून म्हैस, लेकी, जातं आणि भांडीकुंडी घेऊन बिऱ्हाड आलं. सरुबाईनं मातीत भुसा कालवून चूल घातली, ती वाळल्यावर हळदकुंकू वाहून पेटवली आणि पहिल्या दिवशी दूध उतू घातलं. कुशाबाईनं नव्या चुलीला नमस्कार केला आणि बजावलं की मांडलेली चूल सव्वा महिना हलवायची न्हाय, विझू द्यायची न्हाय. हे सरुबाईला ठाऊक होतं. वरकुट्यातही तीच रीत होती.

चार दिवस सोपान वेळेवर गेला आणि वेळेवर आला. संध्याकाळी लीला त्याला बघून आधी रडायची. चौथ्या दिवशी ती त्याच्या मांडीवर झोपली.

पाचव्या दिवशी पहाटे सोपान निघाला आणि वाटेतल्या कालव्याच्या भरावावर चढला तर समोर काठोकाठ पाणी. पलीकडचा काठ दिसत होता, पण तिथं जायचं कसं? कालवा चाळीस पावलं रुंद, आणि पाण्याला ओढ अशी की बैलसुद्धा वाहून जावा. पूल होता एक कोस खाली, बारामतीच्या उलट्या दिशेला. एक कोस खाली जा, पूल ओलांडा आणि पुन्हा एक कोस वर या, तेव्हा कुठं नेहमीच्या वाटेला लागायचं. तापातून उठलेला माणूस धावत गेला. पोचला तेव्हा काटा केव्हाच टांगला होता आणि दुसराच कुणी ढेपा चढवीत होता. मालक ओरडला नाही. एवढंच म्हणाला की आज झालं ते झालं, पुन्हा झालं तर हा दुसरा माणूस इथंच राहील.

चूक सरुबाईची होती. तिनं कालवा ओलांडला होता, पण तो कोरडा होता आणि तळाला चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. वरकुट्याचा ओढा असाच असतो. पावसाळ्यात दोन महिने वाहतो आणि मग वर्षभर गुरं त्यातून जातात. कालव्याला पाणी येतं ते तिला माहीत होतं, पण ते पाऊसकाळात येत असेल, तोवर काहीतरी सोय होईल, असं तिनं धरलं होतं. पाण्याच्या पाळीचा हिशोब कोरडवाहू मुलखातल्या बाईला कुठून असणार. तिनं कुशाबाईला विचारलं की मला आधी सांगितलं का नाही.

"कालव्याला पाणी येतं, हे काय सांगायचं असतं?" कुशाबाई खरंच चकित झाली होती. "बारा दीस पाणी, आठ दीस कोरडा. पोरालाबी ठावं हाय."

रात्री जेवताना सोपान म्हणाला की मी आपला पुन्हा ओट्यावर झोपतो, तुम्ही वरकुट्याला जा, अवसेला येत जाईन. रागानं म्हणाला नाही, थकून म्हणाला. सरुबाईनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

"धा दीस द्या मला," ती म्हणाली. "तंवर ओट्यावर झोपा. त्याच्यापुढं एक दीसबी न्हाय."

सकाळी ती भरावावर जाऊन उभी राहिली आणि पलीकडचं रान बघत राहिली. पलीकडं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, एक दगडी गोठा होता. भिंती छातीएवढ्या उभ्या, वर छप्पर नव्हतं. तिनं कुशाबाईला विचारलं, तो कुणाचा? कुशाबाईचाच. सरकारनं कालवा काढला तेव्हा तिचं रान मधोमध चिरलं, अर्धं या काठाला, अर्धं त्या काठाला. तीन वर्षांमागं नवरा गेला तेव्हापासून तिकडं तिचं जाणं राहिलं आणि छप्पर वाऱ्यानं नेलं.

"आत्याबाई, मला त्यो गोठा भाड्यानं द्या."

कुशाबाईनं नकारार्थी मान हलवली. लेकी घेऊन वस्तीबाहेर राहणं बरं न्हाय, म्हणाली. आणि चूल मांडून आठ दिवससुद्धा झालेले नाहीत. चूल हलवली तर संसाराला बरं नसतं, आणि ते पाप माझ्या घरातनं नको.

"चूल हलवत न्हाय," सरुबाई म्हणाली. "ती हितंच जळंल. सव्वा म्हैना भाकरी हितंच भाजायची. आमी फक्त झोपायला तिकडं."

"आणि भाकरी काय कालव्यातनं पोहत येणार?"

"येईल की," सरुबाई म्हणाली.

त्या दिवसापासून सरुबाई रोज सकाळी पुलावरून दोन कोस चालून समोरच्या काठावर जायची आणि संध्याकाळी दोन कोस चालून परत यायची. लीला झोळीत, साखरू हाताशी. शेजारच्या मळ्यांत ऊस तुटून गेला होता. तिथलं पाचट मागून तिनं भारे वाहिले. कुशाबाईच्या शेवऱ्या आणि वासे काढून आढं उभं केलं, पाचटाचे थर दाबून बांधले, भिंती लिंपल्या. एकदा कुशाबाई भरावावर येऊन इकडून ओरडली की वळचण डावीकडं झुकलीय. सरुबाईनं ती सोडून पुन्हा बांधली. त्या दिवसानंतर कुशाबाई रोज भरावावर येऊन बसू लागली आणि पलीकडच्या कामात इकडून चुका काढू लागली.

दहाव्या दिवशी छप्पर पुरं झालं. सोपानला सरुबाईनं निरोप धाडला की आज ओटा सोडायचा. तो आला तेव्हा तिनं त्याच्या हातात मोटांचे जुने दोर जोडून केलेला लांब नाडा दिला. त्याच्या टोकाला सुतळी आणि सुतळीला दगड बांधला होता. सोपाननं दगड पलीकडं भिरकावला. दोनदा तो पाण्यात पडला, तिसऱ्यांदा कुशाबाईच्या पायाशी. कुशाबाईनं सुतळी ओढून नाडा आपल्या काठच्या बाभळीतून फिरवला आणि टोक सोपाननं पुन्हा फेकलेल्या दुसऱ्या सुतळीला बांधून परत धाडलं. नाड्याचा फेरा झाला. त्याला कुशाबाईनं झाकणाची पितळी कळशी अडकवली. आत भाकरी आणि पिठलं होतं. सरुबाई ओढू लागली तशी कळशी पाण्यावर डुलत डुलत आली. भाकरी कोमट होती आणि पिठलं एका कडेला गेलं होतं.

सव्वा महिना भरेपर्यंत, कालव्याला पाणी असेल तेव्हा, त्या घराचं जेवण असं आलं. म्हैस पुलावरून आणून गोठ्यात बांधली होती, जातंही गाडीतून आणलं होतं. सरुबाई पहाटे दळायची आणि पीठ कळशीतून पलीकडं पाठवायची. सरुबाईची चूल कुशाबाईनं आपली मानून जपली, तिच्यावर भाकरी भाजल्या आणि जळणाच्या बाबतीत कंजुषी केली नाही. कुशाबाईचं ताक त्याच कळशीतून जायचं. एकदा कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी सायकलवरून आला आणि कालव्यावर नाडा बघून उतरला. हे काय चाललंय, म्हणाला.

"बिऱ्हाड चाललंय," कुशाबाई म्हणाली. "तुमच्या पाण्याला काय लागतंय का?"

पाटकऱ्यानं कळशी नीट बघितली, तिच्यात काय आहे ते विचारलं, आणि दोन भाकऱ्या खाऊन गेला.

सव्वा महिना भरला तो दिवस कोरड्या पाळीत आला. सरुबाई पायीच कालव्याच्या तळातून गेली, जुन्या चुलीतले निखारे खापरात घेतले आणि पदरानं वारा अडवत आपल्या घरी आणले. नवी चूल तिनं दोन दिवस आधीच घालून वाळवली होती. कुशाबाई सोबत आली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या या रानात उभी राहिली आणि किती तरी वेळ बांध बघत फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी सोपान पहाटे गरम भाकरी खाऊन निघाला. अडतीवर आला तेव्हा काटा अजून कुलपाआड होता. ओट्यावर बसून त्यानं कुलूप उघडायची वाट बघितली. मालक आला, त्याला आधीच आलेला बघून थबकला आणि विचारलं, एवढ्या लवकर कुठनं आलास.

"घरनं," सोपान म्हणाला, आणि काटा उचलायला उठला.