शेवंताक्का आणि खताचे खड्डे

शेवंताक्का कुणाच्याही घरी पुढच्या दारानं येत नसत. आधी घराला वळसा घालून परसात जायच्या. मोरीचं पाणी कुठं मुरतं, राख कुठं पडते, उष्टंखरकटं कुठं टाकतात हे सगळं पाहायच्या आणि मगच मागच्या दारातून हाक द्यायच्या. नगरपालिकेत बायकांसाठी दोन जागा होत्या. त्यांवर त्या आणि मी निवडून आलो त्याच आठवड्यात त्या माझ्या परसात उभ्या दिसल्या. उंच, काटक, हनुवटीवर गोंदण.

"पुढलं दार समदीच सारवत्यात, मास्तरीणबाई," त्या म्हणाल्या. "घर कळतं ते मागल्या दारी."

माझे यजमान हायस्कूलमध्ये शिक्षक, म्हणून मी मास्तरीणबाई. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

त्यांचं माहेर म्हसवडकडचं, मेंढपाळाचं. लहानपण मेंढ्यांमागं उन्हातान्हात गेलेलं. लग्न होऊन त्या आमच्या कृष्णाकाठच्या गावी आल्या. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा फौजेत. गावाबाहेरचं रान त्या स्वतः पाहायच्या. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंड्यांच्या खतानं पीक कसं उठतं ते लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळं कुठलीही घाण त्यांना नुसती घाण वाटतच नसे. तिचं पुढं काय होणार याची मात्र त्यांना फार काळजी असे. एरवीही त्यांचा स्वभाव काळजीचाच होता. फौजेतल्या मुलाचं पत्र आलं नाही तर काळजी, आणि वेळेआधी आलं तरी काळजी.

आमच्या गावाचा कचरा तेव्हा बैलगाड्यांतून ओढ्याच्या काठावर जाऊन पडायचा. टोपलीच्या संडासांचा मैलाही तिथंच. पावसाळ्यात ओढा फुगला की सगळं नदीत. "जे टाकलं ते गेलं, आसं नसतंय," शेवंताक्का सभेत म्हणायच्या. "ते कुनाच्या तरी दारात जातंच." सभासद हसायचे. पण त्या सुमारास रासायनिक खत मिळेनासं झालं. सोसायटीसमोर शेतकरी पहाटेपासून रांगा लावू लागले. त्यातच सरकारचं परिपत्रक आलं, की नगरपालिकांनी कचऱ्याचं आणि मैल्याचं खत करावं. शेवंताक्कांनी ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"बारा वर्सानं उकिरड्याचं बी दैव फिरतं म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "आपन लवकर फिरवू."

प्रश्न जागेचा होता. त्यांच्या मनात लांबचा माळ होता. आमचे अध्यक्ष तात्या म्हणाले, बैल तिथवर जायचे नाहीत. नगरपालिकेची पडीक जागा वडारवस्तीच्या वरच्या अंगाला आहे, तिथं होत असेल तर करा, नाहीतर विषय संपला. वडारवस्ती म्हणजे दगड फोडणाऱ्या, माती खणणाऱ्या लोकांची वीस-पंचवीस घरं, आणि त्यांना एकच विहीर. शेवंताक्का बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मग त्यांनी हात वर केला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "व्हय म्हनले खरं, पर मन खातंय."

खड्डे खणले वस्तीतल्याच माणसांनी. कचऱ्याचा थर, मैल्याचा थर, वर माती. शेवंताक्का रोज तिथं हजर असत. पहिला खड्डा उकरला तेव्हा मी नाकाला पदर लावूनच गेले होते, पण वासच नव्हता. काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. त्यांनी ओंजळभर घेऊन माझ्या नाकापुढं धरलं. "हुंगा की! ह्यात तुमच्या घरची बी साल हाय." गाड्या भरून खत उसाच्या रानात जायला लागलं. तात्याही पाहुण्यांना खड्डे दाखवायला आणू लागले.

पुढच्या पावसाळ्यात वडारवस्तीत उलट्या-जुलाब सुरू झाले.

आधी दोन घरांत, मग घरोघरी. यल्लव्वा नावाची वस्तीतली वडीलधारी बाई होती. तिची नात दुर्गी, दहा-अकरा वर्षांची. तिचे डोळे खोल गेले, हातपाय वळायला लागले. तिला बैलगाडीतून स्टँडवर आणि तिथून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. शेवंताक्का गाडीबरोबर चिखलातून स्टँडपर्यंत चालत गेल्या. परत आल्या त्या माझ्या मागच्या दारी. पायांचा चिखलही धुतला नव्हता.

"बाई, खड्ड्यातलं पानी हिरीत उतरलं आसंल का?"

"पाणी तपासायला पाठवलंय. रिपोर्ट येऊ द्या," मी म्हटलं.

"रिपोट यील तवा यील. तवर पोरीस्नी तान लागल त्येचं काय?"

त्यांनी विहिरीवर काटेरी फांद्या टाकून घेतल्या. नगरपालिकेची पाण्याची गाडी वस्तीत उभी केली आणि पाणी उकळून घ्या म्हणून दारोदार सांगत फिरल्या. लोक ऐकून घेत, पण बसा म्हणत नसत. मिरजेहून येणाऱ्या प्रत्येक एसटीला आक्का स्टँडवर असत. उतरणाऱ्यांचे चेहरे पाहायच्या, कुणी ओळखीचं दिसलं की पुढं व्हायच्या आणि विचारायची वेळ आली की मागं सरायच्या. जेवण सुटलं होतं. मी भाकरी पुढं केली, तर तुकडा हातात धरून नुसत्या बसल्या.

अखेर दुर्गी वाचल्याचा निरोप आला. आक्का तिथंच बाकावर खाली बसल्या. वस्तीतला एक म्हातारा मात्र गेला होता.

रिपोर्ट आला तो सभेच्या दिवशी. पाणी दूषित, पिण्यास अयोग्य. कशामुळं, ते लिहिलं नव्हतं. तात्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे खड्ड्यांवर काही शाबीत होत नाही. ओढ्याचं पाणीही असेल. वस्तीतली माणसंही स्वच्छता पाळत नाहीत."

शेवंताक्का उठल्या. "आवं तात्या, शाबीत झालं न्हाई म्हंजे घडलंच न्हाई, आसं न्हवं. हात म्या वर केला हुता. खड्डे उद्यापास्नं बंद करा. माळाला लागून माजं रान हाय, तितं जागा देते. खाली हीर न्हाई, वस्ती न्हाई."

"आणि बैल?"

"माजं बैल जुपा."

मुलगा तेव्हा रजेवर आला होता. घरी त्यानं आकाशपाताळ एक केलं. "गावाची घान आपल्या रानात? लोक काय म्हनतील आई?" आक्का त्याला एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या दारात हुती तवा तू काय म्हनला न्हाईस." तो रजा संपायच्या आतच निघून गेला. त्या रात्रंदिवस त्याच्या पत्राची वाट पाहत राहिल्या, पण शब्द मागं घेतला नाही.

मग त्या मला घेऊन वस्तीत गेल्या. यल्लव्वा दाराशी बसून दगड फोडायची टाकी घासत होती. आक्का तिच्यापुढं जमिनीवर बसल्या. "यल्लव्वा, चुकलं माजं."

यल्लव्वानं मान वर केली नाही. "तुजं खत चांगलं हाय, आक्का. वाईट कोन म्हनतंय? खनायला बोलीवलंस तवा आमी आलो. पर इचारायला न्हाई बोलीवलंस."

आक्का म्हणाल्या, "मग आता इचारते. माळावर येशील? कुठं खनायचं ते तूच सांग."

यल्लव्वा त्या दिवशी आली नाही. काही दिवसांनी आली. दोघी माळावर हिंडताना मी लांबून पाहिल्या. एकमेकींशी फार बोलत नव्हत्या.

माळावरचं खत काही वर्षं चांगलं चाललं. आक्का पुढच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. वस्तीत नळ आला, विहीर बुजली. तरीही दर पावसाळ्यात ओढ्याला गढूळ पाणी आलं की त्या छत्री घेऊन वडारवस्तीत जात आणि दारोदार विचारत, "पोरं बरी हायती न्हवं?" गावात लोक म्हणायचे, म्हातारीला चाळा लागलाय. मी एकदा म्हटलं, "आक्का, आता नळाचं पाणी आहे." त्या म्हणाल्या, "व्हय, ठावं हाय. पर इचारल्याबगार झोप लागत न्हाई."

शेवटी मुलाचा राग निवळला. तो त्यांना आपल्या नोकरीच्या गावी, जबलपूरला घेऊन गेला. उन्हाळा संपता संपता त्याचं पत्र आलं. आक्का तिकडंच वारल्या होत्या.

त्या पावसाळ्यात मी बाजारातून येत होते. मागून कुणीतरी हाक मारली. वळून पाहिलं तर दुर्गी. लग्न होऊन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं.

"आवं बाई, वड्याला पानी आलं की," ती म्हणाली. "आक्का कशी आली न्हाई औंदा?"

मी जवळ गेले, दुपटं थोडं बाजूला करून पोराचा चेहरा पाहिला.

"बाळ बरं आहे ना तुझं?" आधी तेवढंच विचारलं, आणि मग तिला सांगितलं.