लखनौची खाली वाजणारी गाडी

मिरजेहून निघून पुणे, झाशी, कानपूर करत आमची गाडी लखनौला पोचायची होती सकाळी आठला, पोचली दुपारी एकला. मधले पाच तास धुक्यानं खाल्ले. ऐंशी सालानंतरची ती दोनतीन वर्षं. नेमकं साल आता आठवत नाही, पण जानेवारी होता आणि माझ्या पायांत दोन मोज्यांचे जोड होते, हे पक्कं आठवतं. आईनं सांगलीहूनच नेसलेल्या लुगड्यावर माझाच एक जुना कोट चढवला होता. चारबाग स्टेशनाच्या लाल कमानीखाली ती उभी राहिली तेव्हा एका हमालानं तिला वाकून "अम्माँ, सामान?" असं विचारलं, आणि ती मला म्हणाली, "लई चांगली माणसं दिसत्यात रं."

आम्ही आलो होतो दादाच्या एका पत्रामुळे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, नऊ वर्षं लखनौत एका सरकारी कचेरीत होता. त्यानं लिहिलं होतं, "गाडी घेतली आहे. जुनी आहे, पण चालते. आईला घेऊन ये, श्रावस्तीला जाऊ." बुद्धांनी सगळ्यात जास्त वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले मुक्काम, जिथं काढले ते जेतवन श्रावस्तीला आहे. बाबा असेपर्यंत रोज संध्याकाळी त्या जेतवनाच्या कथा मोठ्यानं वाचायचे आणि आई चुलीपुढं भाकरी थापत ऐकायची. तिचे गुडघे बसच्या पायऱ्या चढत नव्हते, त्यामुळे तिथं न्यायचं तर गाडीच हवी होती. पत्र वाचून दाखवल्यावर ती फक्त "बरं" म्हणाली, आणि त्याच रात्री तिनं मेणबत्त्या, उदबत्त्या आणि पांढरं पातळ गाठोड्यात बांधलं.

स्टेशनाबाहेर दादा गाडीजवळ उभा होता. गाडी पांढरी म्हणायची, पण लोण्याइतकी. एका निवृत्त साहेबांनी ती बारा वर्षं एकट्यानं वापरली होती. आमच्या अख्ख्या भावकीत पहिली गाडी ती, त्यामुळे दादा तिच्यावर हात ठेवूनच बोलत होता. आई मागं बसली, मी पुढं. दादानं चोक ओढला, गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. त्याच क्षणी मागून आईनं खणखणीत आवाजात सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि!"

"आईला थंडी मानवली," दादा हसला. मलाही हसू आलं. पण मध्येच ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा कुठूनसा बारीक ठक-ठक-ठक असा आवाज मला आला. हजरतगंज येईपर्यंत इंजिन तापलं आणि तो गेला.

इथं माझ्याविषयी सांगायला हवं. मी एस.टी.च्या डेपोत कारकून. माझं टेबल कार्यशाळेच्या खिडकीशी, त्यामुळे पंधरा वर्षं इंजिनांची रडगाणी ऐकून आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा असतो ते पाहायचं असेल, तर तेव्हाचा मी पाहावा. रात्री जेवताना मी जाहीर केलं, "दादा, तुझ्या इंजिनाचं बेअरिंग बोलतंय."

दादाचा घास थांबला. "यार बाळू, मी रोज चालवतो. मला तर काही सुनाई देत नाही."

"थंड असताना ठकठकतं. तापलं की गप्प होतं. डेपोत अशा गाडीला आम्ही मुख्य रस्त्यावर सोडत नाही."

वहिनींनी तहरी (मटार-बटाटे घालून केलेला पिवळा भात) वाढली आणि विषय बदलला. आई खाली मान घालून जेवत होती. दादाला शुक्रवारपासून तीनच दिवसांची रजा होती आणि सोमवारी आमचं परतीचं आरक्षण होतं. बेअरिंग निघालं तर इंजिन उतरवायचं, म्हणजे आठ दिवस आणि श्रावस्ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलीगंजमधल्या दादाच्या घरापुढं आम्ही दोघांनी बॉनेट उघडून गाडी सुरू केली. धुकं इतकं, की समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं. मी दांडक्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं, डेपोतला हेडमिस्त्री लावतो तसं. इंजिन थरथरत होतं, पण ठकठक नाही. "देख लिया?" दादा म्हणाला. संध्याकाळी चौकात, म्हणजे जुन्या लखनौच्या बाजारपेठेत, जाताना आई मागं बसली, चोक ओढला, त्रिशरण सुरू झालं आणि त्याखालून पुन्हा ठक-ठक. आता दादानंही कान टवकारले. त्याचा चेहरा उतरला, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद झाला.

चौकात आम्ही निमिश खाल्लं (दूध थंडीत, दवात ठेवून आणि घुसळून केलेला गोड फेस, वर केशर). तोंडात घातलं की विरघळतं, खाल्लं की नाही असा संशय येतो. आईनं विचारलं, "ह्यात काय हाय रं? नुसती हवाच की." दुकानदाराला मी भाषांतर करून सांगितलं. तो म्हणाला, "अम्माँ बिलकुल दुरुस्त फ़रमा रही हैं, लखनऊ की हवा है।"

गुरुवारी कचेरीला जाता जाता दादानं मला आणि गाडीला उस्तादांच्या दुकानी सोडलं. उस्ताद म्हणजे साठीचे, पांढरी दाढी, काळ्या बोटांचे मिस्त्री. त्यांनी आधी मला वेताच्या मोढ्यावर बसवलं, चहा मागवला, सांगलीत थंडी किती पडते ते विचारलं, आणि मग अदबीनं म्हणाले, "फ़रमाइए, क्या तकलीफ़ है?"

माझं हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'है' लावणं. मी म्हणालो, "गाड़ी खाली आवाज़ करती है।"

"अच्छा? ख़ाली आवाज़ करती है?"

"हाँ। एकदम खाली।"

"और भरी हो, तब?"

मला वाटलं, पेट्रोलचं विचारतात. "भरी है। कल ही भरी।"

उस्तादांनी मान डोलावली, गाडी सुरू केली, लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं, दुकानापासून कोपऱ्यापर्यंत एकट्यानं फिरवून आणली. एव्हाना ती चांगली तापली होती. परत येऊन ते म्हणाले, "इंजन तो माशाअल्लाह जवान है। ख़ाली में ज़रा बजती है तो बजने दीजिए। भरकर ले जाइए, नहीं बजेगी।"

मी मनात म्हटलं, हे तर सोपं निघालं. खाली ऑइल कमी आहे, भरायला सांगतायत. उस्ताद नमाजाला गेल्यावर मी शेजारच्या दुकानातून ऑइलचा मोठा डबा आणला आणि स्वतःच्या हातानं सगळाच्या सगळा इंजिनात ओतला. संध्याकाळी दादा आल्यावर मी छाती काढून सांगितलं, "बेअरिंग नाही, ऑइल होतं. भरलं." घरी येताना गाडीत आम्ही दोघंच पुढं होतो. आवाज नव्हता. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी सकाळी सातला निघायचं होतं. वहिनींनी पुऱ्या बांधल्या होत्या. दादानं किल्ली फिरवली, आणि मागून निळ्या धुराचा असा लोट निघाला की धुक्यात धुकं मिसळलं. शेजारचे एक गृहस्थ खिडकी उघडून खोकले आणि परत बंद करून घेतली.

"बेअरिंग," मी ओरडलो. "बंद कर! इंजिन गेलं!"

दादानं गाडी बंद केली. मग खाली उतरून म्हणाला, "कॅन्सल. हे खटारं घेऊन आईला दीडशे किलोमीटर नेणार नाही मी." त्यानं दार इतक्या जोरात लावलं, की काच हलली. आई उंबऱ्यात गाठोडं घेऊन उभी होती. तिनं ऐकलं, आणि गाठोडं हळूच दाराआड ठेवलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की माझं बेअरिंग खोटं ठरलं असतं तर किती बरं झालं असतं.

"अहो, आधी उस्तादांना तरी बोलवा," वहिनी म्हणाल्या.

दादा सायकलवर जाऊन त्यांना घेऊन आला. घोंगडीत गुरफटलेल्या उस्तादांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली आणि विचारलं, "इतना तेल इसे किसने पिला दिया?"

"आपने बोला, भरो," मी म्हणालो.

"मैंने?" ते माझ्याकडे बघत राहिले. "जनाब, मैंने तो सवारियाँ भरने को कहा था।"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेविषयी मी जास्त लिहीत नाही. उस्तादांनी खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं ऑइल एका घमेल्यात काढलं. गाडी पुन्हा सुरू केली. धूर हळूहळू विरळ होत थांबला. सगळे कान देऊन उभे राहिले. ठकठक नव्हतीच.

उस्तादांच्या कपाळावर आठी पडली. "ख़ाली तो बज ही नहीं रही। आप तो कहते थे, ख़ाली में बजती है?"

धूर थांबलेला पाहून आईला वाटलं, झालं, निघालो. तिनं गाठोडं उचललं, लगबगीनं आली आणि मागं जाऊन बसली. गाडी किंचित दबली. ठक-ठक-ठक! आणि लगेच आईचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा, "बुद्धं सरणं गच्छामि!"

"आई, जरा गप्प बस ना," दादा म्हणाला.

ती म्हणतच राहिली. दादानं खिडकीतून आत वाकून तिच्या हातावर हात ठेवला. "आई."

ती थांबली. ठकठक सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली. आईचे डोळे भरले. "पयल्या दिसापास्नं माझ्या पायाखाली वाजतंय," ती म्हणाली. "म्हून मी मोठ्यानं म्हणत हुते. तुमाला ऐकू गेलं आस्तं तर तुमी मला न्हेलं नस्तं."

आम्हाला वाटली होती ती भक्ती.

"क्या कहती हैं अम्माँ?" उस्तादांनी विचारलं.

"बोलती है, पाँव के खाली आवाज़ है।" मी बोटानं आईच्या पायांखालची जमीन दाखवली.

उस्ताद माझ्या बोटाकडे पाहत राहिले. "पाँव के... नीचे?" मग त्यांनी कपाळाला हात लावला. "लाहौल विला! आप नीचे को ख़ाली कहते हैं? हम तो ख़ाली ऐसी गाड़ी को कहते हैं जिसमें कोई बैठा न हो!"

"मग तेव्हा विचारलं का नाही?" दादानं हिंदीतून विचारलं.

"मेहमान हैं," उस्ताद ओशाळून म्हणाले. "मेहमान की ज़बान कैसे दुरुस्त करता?"

पोतं अंथरून ते गाडीखाली शिरले आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आले. धूर वाहून नेणारी सायलेन्सरची नळी ज्या रबरी पट्ट्यावर टांगलेली असते, तो तुटला होता. मागं कुणी बसलं की गाडी दबायची आणि लोंबणारी नळी मागच्या आसाला टेकायची. थंडीत इंजिन थरथरायचं, म्हणून ठोका पडायचा. तापलं की नीट चालायचं, म्हणून थांबायचा. आधीचे साहेब आणि दादा दोघंही एकटेच फिरत, म्हणून त्यांना कधी ऐकू गेलं नाही. भरलेल्या गाडीचा आवाज आम्ही रिकाम्या गाडीत शोधत होतो. उस्तादांनी जुन्या टायरची पट्टी कापून नळी वर बांधली. "अब ले जाइए अम्माँ को। और भाई साहब को तेल से दूर रखिए।"

निघायला साडेनऊ झाले. बाराबंकीपर्यंत दादा दिवे लावून, बैलगाड्यांच्या मागून गोगलगायीसारखा चालला होता. पुढं धुकं फाटलं आणि दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं दिसायला लागली. घाघरेच्या पुलावर आम्ही थांबून पुऱ्या खाल्ल्या. नदी इतकी रुंद, की कृष्णेच्या काठी वाढलेल्या आईनं विचारलं, "ह्येचा दुसरा काठ हाय न्हवं?" बहराइचला चहा घेतला. दुसऱ्या पेल्यावर दादा माझ्याशी बोलायला लागला.

जेतवनात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिथं आहेत ती फक्त विटांची जोती, गवत आणि जुना पिंपळ. आईनं पांढरं पातळ नेसून घेतलं. दादानं एक हात धरला, मी दुसरा. बुद्ध जिथं राहायचे त्या गंधकुटीच्या पायऱ्यांपाशी ती बसली, उन्हानं कोमट झालेल्या विटांवर तळवा फिरवत राहिली. "तुमच्या बाबांनी हे वाचलंवतं, बगितलं न्हाई," ती म्हणाली. मग तिनं त्रिशरण म्हटलं, इतक्या हळू की आम्हाला जवळ वाकावं लागलं. दादा तोंड फिरवून पिंपळाकडे पाहत राहिला.

सोमवारी दादानं आम्हाला चारबागला सोडलं. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मला म्हणाला, "पत्र पाठव. और सुन, डेपोत कुठं ऑइल ओतू नकोस."

झाशी मागं पडली, धुकं संपलं. आई खिडकीशी बसून होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "बाळू, कुशीनगर लई लांब हाय का रं तिथनं?" जिथं बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं ते कुशीनगर. तिनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट.

"पुढच्या थंडीत जाऊ," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. "जाऊ, का बघू?"

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. ते तिलाही माहीत आहे आणि इतकी वर्षं ती तेवढ्यावरच गप्प बसत आली, हे मला त्या डब्यात कळलं. माझी मला लाज वाटली. "जाऊ, आई," मी म्हणालो, आणि पेन काढून ते तिच्यासमोर तिकिटाच्या मागं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तिकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कनवटीला खोचलं.