आडवी दिसणारी माणसं

मोलगीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर मी फोनचं जुनं अँड्रॉइड चढवलंय, कारण त्या डबड्याला दुसरं काही पेलतच नाही. पडदा मोठा म्हणून बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बाया गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या पोरांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला माझ्याकडेच येतात. पण ते अँड्रॉइड कॉम्प्युटरलाच फोन समजतं आणि समोरच्याला आपण आडवे दिसतो. कितीदा डोकं फोडलं, सरळ होत नाही.

एकदा एका म्हातारीचा कॉल चालू असताना आवाजही गेला. तिकडे लेकाला आई आडवी पडलेली, नुसतं तोंड हलवणारी दिसली. कोयता टाकून तो तसाच निघाला. पाड्यावर पोचला, तर आई कोंबड्यांना दाणे टाकत होती.

पुढच्या बाजाराला आईला घेऊन आला आणि त्यानं माझी गचांडी धरली. बरोबरच होतं त्याचं. मी ते अँड्रॉइड उडवायला बसलो. तो परतीची जीप बघायला बाहेर गेला, तशी म्हातारीनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "होळीलाही आला नव्हता तो. पुढच्या वेळी मला आडवंच दाखव. आवाजही बंद ठेव."